झग्याच्या काठावरचं नाव

टॅनी सीनाच्या कोठीच्या खोलीत त्या उन्हाळ्यात, म्हणजे आमच्याकडच्या डिसेंबर-जानेवारीत, पाय ठेवायला जागा उरली नव्हती. फळ्यांवर बाटल्या, फळ्यांखाली बाटल्या, शिवणयंत्राच्या पायांत बाटल्या, आणि सगळ्यांत पाकातले पिवळे पीच, अर्धे केलेले, खळग्याची बाजू खाली करून एकावर एक नीट रचलेले. निवडणूक एप्रिलात होती. काळे लोक पहिल्यांदाच मत देणार होते. त्याआधी लढाई होणार, दुकानं बंद पडणार, रस्ते तोडले जाणार, म्हणून प्रत्येक घरानं सहा महिन्यांचं खाणं भरून ठेवावं, असं महिला मंडळात टॅनी दिर्कीनं बजावलं होतं. बाकीच्या बायकांनी पीठ, मेणबत्त्या आणि डब्यातले मासे आणले. टॅनी सीनानं पीच केले. दारातलं झाड त्या वर्षी वाकेपर्यंत लागलं होतं, आणि हाताला काम नसलं की तिचं लक्ष टेलिफोनकडे जायचं.

"काय म्हणते तुझी रसद?" दिर्की विचारायची.

"गोड आहे," सीना म्हणायची.

रूइक्रालच्या पोस्टात मागच्या खोलीत टेलिफोनचं एक्स्चेंज होतं आणि त्यावर मी बसायचे. गावाच्या कडेच्या घरांना आणि मळ्यांना एकेक तार सात-आठ जणांत मिळून दिलेली. टॅनी सीनाच्या घरची, म्हणजे स्टीनकांपांची, घंटा एक लांब, दोन आखूड. घंटा सगळ्याच घरांत वाजायची, ज्याची त्यानं उचलायची, असा नियम होता. तो कुणी पाळत नसे. कुणी हळूच रिसीव्हर उचलला की तारेत बारीक टक् व्हायचं आणि बोलणाऱ्याचा आवाज जरा लांब जायचा. कोण कोण ऐकतंय हे सगळ्यांना ठाऊक असायचं. पण ऐकणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, हा दुसरा नियम मात्र कुणी मोडल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर भेटल्यावर "काय गं, लेकीचं काय चाललंय?" असं पहिल्यापासून विचारायचं, आणि सांगणारीनंही पहिल्यापासून सांगायचं.

टॅनी म्हणजे मावशी, वयानं मोठ्या सगळ्याच बायकांना आम्ही तसं म्हणतो; टॅनी सीनाचं पूर्ण नाव गेसिना. आमच्यात नावं शोधत बसायची नसतात, ती ठरलेलीच असतात. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, पहिल्या मुलीला आईच्या आईचं. तिची आजी गेसिना, आई अलेटा, ती स्वतः गेसिना, आणि तिची एकुलती एक लेक अलेटा, म्हणजे आमची लेटी. त्या घराचा बाप्तिस्म्याचा एक झगा होता. इंग्रजांनी मळे जाळले तेव्हा तिच्या पणजीनं तो बिस्किटांच्या डब्यात घालून कोंबड्यांच्या खुराड्याखाली पुरला. पणजी इंग्रजांच्या छावणीत गेली ती परत आली नाही. लढाई संपल्यावर परत आलेल्या पोरीनं, म्हणजे आजी गेसिनानं, डबा उकरून काढला. झगा पिवळा पडला होता, एवढंच. त्याच्या आतल्या घेराच्या काठावर पांढऱ्या धाग्यानं पांढऱ्यावर नावं भरलेली होती. उजेडाकडे तिरकं धरलं तरच दिसत. आईच्या आईनं बाप्तिस्म्याच्या आधी नाव भरायचं, म्हणजे मूल आपलं नाव अंगावर घालूनच चर्चमध्ये जातं, अशी त्या घरची रीत.

लेटी पॉचेफस्ट्रूमला शिकायला गेली आणि वायनांट नावाच्या शाळामास्तराशी लग्न करून तिथेच राहिली. तोपर्यंत सगळं ठीक होतं. वायनांट जेवायला आला की सीनाचे यजमान ओम लोरेन्स, म्हणजे लोरेन्सकाका, त्याला मागच्या कारखान्यात न्यायचे आणि उघडलेल्या ट्रॅक्टरची आतडी दाखवायचे. जावयाला स्क्रू कुठल्या बाजूनं फिरवायचा तेही कळत नाही, असं सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान असायचं.

मग ब्याण्णवच्या मार्चमध्ये सरकारनं आम्हा गोऱ्यांना विचारलं, वाटाघाटी पुढे चालू ठेवायच्या का. हो किंवा नाही. रूइक्रालमध्ये हो म्हणणारं घर शोधून सापडलं नसतं. वाटाघाटी म्हणजे आजोबांच्या कबरी विकणं, असं ओम लोरेन्स म्हणायचे. सीनाही नाही असंच मत देऊन आली. पांनी, म्हणजे ओम लोरेन्सनी, त्यांच्या पिकअपमधून तिला शाळेपर्यंत नेलं, पण न नेलं असतं तरी तिनं तेच केलं असतं. राज्य बदललं की मूठभर गोऱ्यांचं काय होणार याची तिला खरीच धास्ती होती. ती काही वेगळी बाई नव्हती.

त्या आधीच्या रविवारी लेटी आणि वायनांट जेवायला आले ते गाडीच्या काचेवर 'हो'ची चिठ्ठी चिकटवूनच. गाडी लावली ती नेमकी कारखान्याच्या दारासमोर. ओम लोरेन्सनी मटणाची तंगडी कापली, सगळ्यांना वाढली, प्रार्थना म्हटली. मग सुरी खाली ठेवून लेटीला म्हणाले, "जिथे मत देणार तिथेच जेवायचं."

लेटीला वाटलं बाप थट्टा करतोय. ती हसली. ते हसणं पुढे तिला फार नडलं.

दोघं न जेवता गेली. सीनानं त्यांच्या ताटातलं मटण डब्यात भरून गाडीपाशी नेलं, तर काच वर केलेली होती. ती डबा हातात धरून फाटकाशी उभी राहिली आणि मग परत येऊन रताळी वाढू लागली. हे मला केलेबोगिलेनं सांगितलं, ती त्यांच्याकडे कामाला होती आणि तेव्हा आत भांडी घासत होती. स्टीनकांपांकडे तिला अ‍ॅना म्हणत. खरं नाव तोंडात बसत नाही म्हणून पहिल्याच दिवशी टॅनी सीनानं ते ठेवलं होतं, आणि गावात आम्ही सगळेच तेच म्हणायचो.

त्यानंतर लेटी घरी आली नाही. आठवड्यातून एकदा, ओम लोरेन्स कारखान्यात असण्याच्या वेळेला, तिचा फोन यायचा. मी जोडून द्यायचे. एक लांब, दोन आखूड. मग टक्, टक्, टक्. आणि त्या मायलेकी पदार्थांविषयी बोलायच्या. आमच्यात वडीलधाऱ्यांना तू म्हणत नाहीत, तोंडावरही मा, पा असंच म्हणतात, बायकोसुद्धा नवऱ्याला पा म्हणते.

"मा, बडीशेपेचे टोस्ट वाळत नाहीत माझे."

"भट्टीचं दार किंचित उघडं ठेव. लाकडी चमचा अडकव दारात."

"मा बरी आहे ना?"

"रात्रभर ठेव. घाई करू नकोस."

दोन वर्षं हे असं चाललं. त्यात भोपळ्याच्या वड्या झाल्या, आल्याची बिअर झाली, किती मीठ, किती साखर झाली. कुणालाही वाटावं की पॉचेफस्ट्रूममध्ये पोरीला चहासुद्धा करता येत नाही. खरं तर लेटीचा हात आईपेक्षा चांगला होता.

लेटीला दिवस गेले तेही असंच कळलं. ती म्हणाली, मा, लोणच्याचा वाससुद्धा सहन होत नाही मला. तारेत कुणाचा तरी श्वास अडकला. सीना म्हणाली, मग लोणचं नको करूस, नुसतं पाकातलं कर. रिसीव्हर ठेवल्यावर ती कोठीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

गोष्ट लपणारी नव्हतीच. ऐकलेल्यांपैकी कुणीतरी नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं शनिवारच्या कवायतीत ओम लोरेन्सना. शनिवारी प्रदर्शनाच्या मैदानावर गावातले पुरुष खाकी घालून कवायत करायचे. दिर्कीचा नवरा ओकर्ट त्यांचा कमांडंट होता. सीनाच्या जेवणघरातल्या कपाटावर बिनतारी संच बसवला होता आणि तिच्या लग्नातल्या बश्या त्यासाठी पलंगाखाली गेल्या होत्या. ओम लोरेन्स घरी आले, बूट काढले आणि सीनाकडे न बघता म्हणाले, "सांग तिला, या घराचं नाव त्या पोराला ठेवायचं नाही."

पुढच्या फोनवर सीनानं ते जसंच्या तसं सांगितलं. पा म्हणतात, या घराचं नाव ठेवायचं नाही. लेटी म्हणाली, बरं मा. मग दोघी मोसंबीच्या मुरंब्यावर आल्या.

सीनाच्या समजुतीनं घर म्हणजे पा आणि घराचं नाव म्हणजे लोरेन्स. ते मुलाला लागतं. मुलगी झाली तर गोष्ट वेगळी, ते नाव तर तिच्या आईच्या, आजीच्या बाजूनं येतं, त्याच्याशी पांचा काय संबंध? नवऱ्याच्या भांडणात आपलंही नाव मोजलं जात असेल, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. इतक्या वर्षांत तिला कुणी कशात मोजलंच नव्हतं.

मुलगीच झाली. जानेवारीच्या शेवटी. त्याच आठवड्यात सीनानं झगा काढला, निळीच्या पाण्यातून धुतला, सावलीत वाळवला, आणि दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून आतल्या काठावर, अलेटाच्या पुढे, 'गेसिना' भरायला घेतलं. केलेबोगिले टेबलापाशी पीच सोलत होती.

"मिसीस स्वतःचंच नाव काढतायत," ती म्हणाली.

"माझं नाही, पोरीचं."

"लेकीनं कळवलं का नाव?"

"कळवायचं काय असतं त्यात?" सीना म्हणाली आणि दातांनी धागा तोडला.

बाप्तिस्मा मार्चमधल्या एका रविवारी ठरला. फोनवर लेटी म्हणाली, मा, रविवारी सकाळी माझ्याकडे मोठा केक आहे, माच्या हातचा असता तर. आमच्या चर्चमध्ये मुलाला आत उचलून आणायचा मान घरातल्या एका बाईचा असतो. प्रवचन झालं की ती पांढरी टोपी घालून मूल घेऊन मधल्या वाटेनं चालत येते आणि आईच्या हातात देते. पहिल्या मुलीसाठी तो मान आजीचा. लेटीला कुणाला बोलवायचं होतं हे तारेवरच्या प्रत्येकीला कळलं. सीना म्हणाली, अंडी ताजी वापर. आणि फोन ठेवला. पॉचेफस्ट्रूम फार लांब नाही, पण सीनाला गाडी गावाबाहेर नेता येत नव्हती, आणि पांना विचारण्याची सोय नव्हती.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी कपाटावरचा संच बोलू लागला. मबाथोला गडबड झाली होती. सरकारनं त्स्वाना लोकांना वेगळं काढून दिलेल्या मुलखाची ती राजधानी, आमच्याकडून तासाभराच्या वाटेवर. तिथल्या लोकांना निवडणुकीत भाग घ्यायचा होता आणि तिथल्या अध्यक्षाला ते नको होतं. त्यानं गोऱ्यांच्या कमांडोंची मदत मागितली, असा निरोप होता. अंधार पडायच्या आत रूइक्रालमधून पिकअप निघाल्या. सीनानं मटणाचे सुके तुकडे, टोस्ट आणि कॉफीचा थर्मास बांधून दिला. पा म्हणाले, रविवारपर्यंत येतो. मग म्हणाले, चर्चला जायचं आहे ना. ते लेकीच्या चर्चबद्दल नाही, जुन्या चर्चनं काळ्यांना दार उघडलं म्हणून आमच्या गावानं रागानं वेगळं काढलेल्या चर्चबद्दल बोलत होते.

शुक्रवारी सकाळी केलेबोगिले उशिरा आली. ॲप्रन न बांधता दाराशी उभी राहिली. तिची बहीण मबाथोला राहायची.

कपाटावरचा संच मधूनच खरखरायचा आणि गप्प व्हायचा. एकीचा नवरा तिकडे गेलेला, दुसरीची बहीण तिकडे राहणारी, आणि दोघी एकाच स्वयंपाकघरात. सीनानं दोन कप कॉफी ओतली. केलेबोगिलेचा पत्र्याचा मग वेगळा असायचा, नळाखालच्या कप्प्यात. त्या दिवशी सीनानं तो काढायला वाकून पाहिलं, मग तशीच सरळ झाली आणि जो हाताशी होता तो कप पुढे केला. नंतर तिनं टेलिफोनचं हँडल फिरवलं.

"मार्गी, मबाथोला फोन लाव. नंबर सांगते. कोपऱ्यावरचं दुकान आहे, ते बोलावून आणतात."

"कुणाकडून म्हणून सांगू?"

"अ‍ॅनाकडून."

मागून केलेबोगिलेचा आवाज आला, शांत. "अ‍ॅना म्हटलं तर माझी बहीण येणार नाही. तिला कोण अ‍ॅना?"

तारेवर तोपर्यंत चार-पाच जणी आलेल्या होत्या. नवऱ्यांची खबर मिळेल म्हणून सकाळपासून सगळ्या रिसीव्हरपाशीच होत्या.

"मग काय सांगायचं?" सीनानं विचारलं.

"केलेबोगिले."

 सीना म्हणाली, "पुन्हा सांग." केलेबोगिलेनं पुन्हा सांगितलं. सीनानं ओठ हलवले असतील, पण आवाज काही आला नाही. शेवटी मला म्हणाली, "ऐकलंस ना तू? तसंच सांग."

लाइन लागायला फार वेळ लागला. दुकानदारानं बहिणीला आणलं. त्या दोघी त्यांच्या भाषेत बोलल्या. आमच्यातल्या निम्म्या बायका मळ्यांवर वाढलेल्या, तीच भाषा बोलत लहानपणी खेळलेल्या. त्यामुळे तारेवर कुणाला कळलं नाही असं झालं नाही. बोलणं संपल्यावर केलेबोगिलेनं सीनासाठी ते पुन्हा सांगितलं.

"बहीण आहे. शेजारीण नाही. नळावर उभी होती. पिकअपमधून गोळी झाडली, म्हणते. खाकीवाले होते."

"कुणाची पिकअप?"

"नळावरच्या बाईनं नंबर बघितला नसेल, मिसीस."

सीनानं चुलीकडे तोंड फिरवलं.

दुपारपर्यंत रेडिओवर आलं की कमांडोंना तिथून हुसकावलं, काहींना रस्त्यावर गोळ्या घातल्या. मेलेल्यांची नावं अजून सांगत नव्हते. तीनच्या सुमाराला लेटीचा फोन आला. तो तिचा वार नव्हता. मी जोडला. टक्, टक्, टक्, इतक्या वेळा झालं की आवाज तळघरातून आल्यासारखा येत होता.

"मा, पा कुठे आहे?"

"तिकडे."

"काही कळलं?"

"नाही."

लेटी रडत होती. दोन वर्षांत तिनं पांचं नाव पहिल्यांदाच काढलं होतं. सीना तिला टोस्टचं सांगेल, भट्टीचं दार उघडं ठेवायला सांगेल, असं मला वाटलं. पण तिनं सरळ विचारलं, "लेटी, रविवारी चर्च किती वाजता आहे?"

"नऊ. मा येणार?"

"मला यायचं आहे. दोन वर्षं मला यायचं आहे. पोरगी कशी दिसते तेसुद्धा मी कुणाला विचारू शकत नाही. मला ती उचलून आणायची आहे लेटी, आणि मला कसं यायचं ते कळत नाही, आणि माझी पांढरी टोपीसुद्धा कसरीनं खाल्लीय."

एवढं एका दमात तिला बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं.  आणि मग तारेवर तिसरा आवाज आला, जाड, सर्दी झाल्यासारखा.

"माझी टोपी घेऊन जा, सीना. कपाटात वरच आहे. डोक्याला थोडी मोठी होईल, पिना लाव."

तो आवाज टॅनी दिर्कीचा होता. महिला मंडळाची अध्यक्ष, तिचाही नवरा तिकडे आणि त्याचीही खबर नाही. इतक्या वर्षांत ऐकणाऱ्या बाईनं तोंड उघडलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.  एकामागून एक रिसीव्हर खाली ठेवल्याचे आवाज आले आणि तार मोकळी झाली.

शनिवारी सकाळी ओम लोरेन्स परत आले. पिकअपच्या मागच्या फळीला एक भोक होतं.  कपडे काढून न्हाणीबाहेर टाकले, अंघोळ केली, टेबलाशी येऊन बसले. केलेबोगिलेनं न्हाणीबाहेरचे सगळे कपडे उचलले, चादरी-टॉवेल उचलले, आणि खाकी शर्ट-पँट तिथेच जमिनीवर ठेवून दिली.

"हे मिसीस धुतील," ती म्हणाली.

सीनानं ते दोन कपडे उचलले आणि अंगणातल्या टाकीवर हातानं धुतले. साबण लावला, घासले, पुन्हा लावला. त्यावर काही नव्हतं, घाम आणि धूळ, पण ती घासत राहिली. आत येऊन तिनं ओले हात ॲप्रनला पुसले.

"पांनी गोळी झाडली का?"

"नाही," ते म्हणाले. मग कपात बघत म्हणाले, "गाडीत आम्ही पाच जण होतो."

त्यांनी खरं सांगितलं की नाही, हे आजपर्यंत कुणाला ठाऊक नाही. सीनानं पुन्हा विचारलं नाही. तिनं एक पीचची बाटली उघडली, दोन अर्धे बशीत काढून त्यांच्यापुढे ठेवले, आणि ते खात असताना म्हणाली, "उद्या नऊला बाप्तिस्मा आहे. पा मला नेणार, की मी ड्रीसला सांगू?" ड्रीस म्हणजे गावातला खाटीक, पॉचेफस्ट्रूमला त्याची फेरी असायची. सगळ्या गावाला कळेल अशा माणसाचंच नाव तिनं घेतलं.

"मी त्या चर्चमध्ये पाय ठेवणार नाही."

"पा गाडीत बसू शकतात."

रविवारी ते तिला घेऊन गेले. रस्ताभर मक्याची शेतं वाळून उभी होती. सीनाच्या मांडीवर झग्याची पेटी आणि तिच्यावर दिर्कीची टोपी. ओम लोरेन्सनी पिकअप रस्त्यापलीकडे झाडाखाली लावली, हॅट काढून गुडघ्यावर ठेवली आणि खिडकीची काच खाली केली.

पुढचं मी टॅनी सीनाकडूनच ऐकलं, एकदाच, आणि तेही तिनं भराभर सांगितलं. मागच्या खोलीत तिनं पोरीला झगा घातला. पोरगी लोरेन्ससारखी दिसत होती, तशीच रुसलेली हनुवटी. प्रवचन संपलं, पेटी वाजली, आणि ती पोरीला घेऊन मधल्या वाटेनं चालत गेली. टोपी डोळ्यांवर येत होती. लेटी पुढे उभी होती, हात पसरून. दोन वर्षांनी लेकीचं तोंड दिसलं ते टोपीच्या काठाखालून, अर्धंच. तिनं पोरगी लेटीच्या हातात दिली. पाद्री पाण्यात बोटं बुडवून म्हणाला, "योहाना माग्दालेना."

ते वायनांटच्या आईचं नाव होतं.

लेटीची नजर आईकडे गेली तेव्हा आईचं लक्ष झग्याच्या काठाकडे होतं. बाहेर चहाच्या टेबलाशी लेटी तिला बाजूला घेऊन म्हणाली, "मानंच सांगितलं होतं ना, या घराचं नाव नको."

"हो. सांगितलं होतं."

"मला वाटलं मालाही तेच हवंय."

झगा उतरवताना लेटीला आतलं नाव दिसलं. ती खाली बसली आणि झगा तोंडाला लावून रडली. सीना म्हणाली, रडू नको, कापडावर डाग पडतात, आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. मग पोरीला शालीत गुंडाळून ती रस्ता ओलांडून पिकअपपाशी गेली. ओम लोरेन्सनी खिडकीतून बघितलं. हात बाहेर काढला नाही, पण हॅट गुडघ्यावरून खाली पडली ती त्यांनी उचललीही नाही.

"नाव काय?" त्यांनी विचारलं.

सीनानं सांगितलं.

"तुझं नाही ठेवलं?"

"पांनी नको म्हटलं होतं," ती म्हणाली.

 रूइक्रालच्या वेशीवर ओम लोरेन्स म्हणाले की, ते मी माझ्याबद्दल म्हटलं होतं. सीना म्हणाली, मलाही तसंच वाटलं होतं.

एप्रिलात मतदान झालं. लढाई झाली नाही. त्या दिवशी शाळेसमोरच्या रांगेत दिर्कीसुद्धा उभी होती, तिच्या पुढे-मागे वस्तीतल्या बायका. बिनतारी संच कपाटावरून गेला आणि बश्या परत आल्या. केलेबोगिले मे महिन्यात बहिणीकडे राहायला गेली ती परत आली नाही. टॅनी सीना तिची आठवण काढायची तेव्हा नुसतं 'ती' म्हणायची. अ‍ॅना म्हणवत नव्हतं आणि दुसरं जमत नव्हतं. पीच मात्र कितीतरी वर्षं पुरले. रूइक्रालमध्ये कुणाकडे पाहुणे आले, कुणी आजारी पडलं, कुणाकडे बारसं किंवा मयत झालं, की टॅनी सीनाची बाटली यायची.

लेटीला पुढे दोन मुलगे झाले. मुलगी झाली नाही. झग्यावरचं नाव सीनानं उसवलं आणि तिथे योहाना भरलं. सुईची जुनी भोकं राहिली आहेत. उजेडाकडे तिरकं धरलं की त्यांतून जुनं नाव वाचता येतं. ओम लोरेन्स नातवंडांना सुट्टीत कारखान्यात घेऊन जायचे, पण योहानाला हाक मारताना नेहमी अडखळायचे, आणि शेवटी तिला नुसतं 'छोटी' म्हणायला लागले.

काही वर्षांनी एक्स्चेंज बंद झालं. प्रत्येक घराला स्वतःची तार आली, नंबर फिरवला की झालं. मी पोस्टाच्या खिडकीवर आले. एका बुधवारी टॅनी सीनाकडे पैसे द्यायला गेले होते तेव्हा लेटीचा फोन आला. पा मागे होते, घरात कुणी नव्हतं, तारेवर कुणी नव्हतं. सीनानं रिसीव्हर कानाला लावला आणि सवयीनं जरा थांबली, टक् ऐकू येतं का म्हणून. काहीच आलं नाही. पलीकडून लेटी काहीतरी विचारत होती, मा कशी आहे, कधी येणार, असंच असणार. सीनाच्या ओठांवर काहीतरी आलं. मग तिनं खिडकीबाहेर झाडाकडे बघितलं.

"यंदा पीच चांगले लागलेत," ती म्हणाली. "साखर जरा कमी घालायची."